जंगलातल्या जमिनीवरचा कोळी : ओळख आणि वर्णन
कॅडेट, इयत्ता दहावी

जमिनीवर राहणारा कोळी ओळखायचा असेल तर पहिला नियम असा, की त्याला मारू नये. बुटाखाली चिरडलेला, पाय आखडून पडलेला कोळी कोणता होता हे मोठा शास्त्रज्ञही सांगू शकणार नाही. दुसरा नियम, नाव द्यायची घाई करू नये. आधी पाहावे, मग लिहावे आणि नाव सर्वांत शेवटी द्यावे.

आपल्याकडे नेमके उलटे होते. कॅम्पमध्ये तंबूच्या कडेला केसाळ कोळी दिसला की तो लगेच ‘टॅरांटुला’ ठरतो आणि त्याच्यावर बूट पडतो. लहान दिसला तर तो ‘साधा कोळी’. या दोन नावांच्या मध्ये आपल्याकडे काहीच नाही. जगात मात्र कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जातींची शास्त्रीय नोंद झाली आहे; हा टप्पा एप्रिल २०२२ मध्ये ओलांडला गेला. एवढ्या जातींना दोन नावे पुरणार नाहीत हे उघड आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मला जंगलात जमिनीवर राहणारा एक कोळी नीट पाहायला मिळाला. तो कोणता, हे मी टप्प्याटप्प्याने कसे शोधले आणि कुठे थांबलो, ते या लेखात सांगतो. हीच पद्धत तुम्हाला आपल्या मैदानावरही वापरता येईल.

कोळी म्हणजे काय?

कोळी हा कीटक नाही. कीटकाला सहा पाय असतात आणि शरीराचे डोके, छाती व पोट असे तीन भाग असतात. कोळ्याला आठ पाय असतात आणि शरीराचे भाग दोनच. पुढच्या भागाला शिरोवक्ष म्हणतात, कारण डोके आणि छाती तिथे एकत्र असते. मागच्या भागाला उदर म्हणतात. कोळ्याला मिशांसारख्या स्पर्शिका नसतात आणि पंखही नसतात. तोंडाजवळ दोन आखूड पायांसारखे अवयव असतात, त्यांना पेडिपाल्प म्हणतात. उदराच्या मागच्या टोकाला बोटांसारखी छोटी टोके असतात, त्यांतून रेशमाचा धागा बाहेर पडतो. त्यांना स्पिनरेट म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

शास्त्रज्ञ प्राण्यांची विभागणी कुल, वंश आणि जाती अशी करतात. आपल्या भाषेत सांगायचे तर कुल म्हणजे रेजिमेंट, वंश म्हणजे बटालियन आणि जाती म्हणजे कंपनी. लांबून टोपी पाहून रेजिमेंट कळू शकते, पण कंपनी कळायला जवळ जावे लागते. कोळ्यांचेही तसेच आहे.

घराच्या भिंतीवर आणि घाटाच्या गाळात

माझे घर काशीला रामघाटावर आहे. इथे घाट म्हणजे सह्याद्रीतली डोंगरवाट नव्हे, गंगेत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. दक्षिणेला थोड्या अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, उत्तरेला पंचगंगा घाट. पेशव्यांच्या काळापासून या भागात मराठी घरे आहेत. जंगलात जाण्यापूर्वी मी घरी आणि घाटावर दिसणारे कोळी आधी पाहून घेतले. ज्याची ओळख पटवायची त्याच्या शेजारी ठेवायला दोन-तीन ओळखीचे कोळी हवेतच, नाहीतर फरक कशाशी करणार?

आमच्या जुन्या वाड्यात भिंतीवर मोठा, चपटा, तपकिरी कोळी रात्री दिसतो. त्याचे पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले असतात. तो जाळे विणत नाही, झुरळे पकडतो. मादी आपली अंड्यांची पांढरी, चपटी पिशवी छातीखाली धरून फिरते. हा हंट्समन कोळी. आमची आत्या त्याला मारू देत नाही, कारण तो असला की स्वयंपाकघरात झुरळे कमी दिसतात.

दुसरा कोळी घाटावर. पावसाळ्यात गंगेला पूर आला की रामघाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळाचा जाड थर उरतो आणि तो पंपाच्या पाण्याने धुवावा लागतो. जिथे गाळ अजून ओला होता आणि भेगा पडू लागल्या होत्या, तिथे करड्या रंगाचे छोटे कोळी झरझर पळत होते. जाळे नाही, बीळ नाही, फक्त धावणे आणि झडप घालणे. एका मादीच्या मागच्या टोकाला गोल पिशवी चिकटलेली होती आणि ती पिशवीसह पळत होती. हा वुल्फ स्पायडर, म्हणजे लांडगा कोळी. त्याच्या कुलाचे शास्त्रीय नाव लायकोसिडी, ग्रीक भाषेतल्या ‘लांडगा’ या शब्दावरून आलेले. या कुलात जगभर दोन हजार चारशेच्या वर जाती आहेत.

या दोघांकडून एक खूण मिळाली. आई अंडी कुठे ठेवते, हे पाहिले की कोळ्याच्या कुलाबद्दल बरेच कळते. ते असे :

१. पिशवी मागे स्पिनरेटला चिकटवलेली : लांडगा कोळी.
२. पिशवी छातीखाली धरलेली, चपटी : हंट्समन कोळी.
३. गोल पिशवी जबड्यात धरलेली, कोळी दणकट बांध्याचा : नर्सरी वेब स्पायडर. घराच्या कोपऱ्यात लोंबणारा, फार बारीक व लांब पायांचा कोळीही अंडी जबड्यातच धरतो, पण त्याचे रूप इतके वेगळे असते की घोटाळा होत नाही.
४. पिशवी जाळ्यात किंवा दगडाला चिकटवून ठेवलेली : इतर अनेक कुले.

चंद्रप्रभेच्या जंगलात

काशीहून सुमारे सत्तर किलोमीटरवर, चंदौली जिल्ह्यात विंध्याच्या डोंगररांगांत चंद्रप्रभा अभयारण्य आहे. राजदरी आणि देवदरी हे दोन धबधबे तिथलेच. काका, माझा चुलतभाऊ आणि मी आदल्या रात्री चकियाला मुक्काम केला आणि सकाळी लवकर निघालो, कारण जमिनीवरची जाळी दव असतानाच दिसतात. ऊन चढले की दव सुकते आणि जाळे डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

फील्डक्राफ्टच्या तासाला आपण ‘वस्तू का दिसतात’ हा धडा शिकलो आहोत : आकार, सावली, चमक, पृष्ठभाग, अंतर, हालचाल. कोळी शोधायला हाच धडा कामी येतो. मोहाच्या आणि तेंदूच्या वाळक्या पानांत तपकिरी कोळी बसला तर त्याचा आकार दिसत नाही आणि पृष्ठभाग पानांशी मिळून जातो. तो हलत नाही तोवर सापडत नाही. पण जाळ्यावरचे दव चमकते. चमकेने जाळे सापडते, आणि जाळ्याने कोळी.

रस्त्याच्या कडेच्या गवतात वीस पावलांत मी सतरा जाळी मोजली. प्रत्येक जाळे म्हणजे जमिनीपासून बोटभर उंचीवर आडवी पसरलेली पातळ चादर. एका कडेला ती चादर गोळा होऊन नळीसारखी झाली होती, अगदी तेल ओतायच्या नरसाळ्यासारखी. नळी दगडाखाली किंवा मातीच्या भेगेत शिरत होती. चादरीच्या वर गवताच्या काड्यांना काही सुटे धागे आडवे-तिडवे बांधलेले होते.

नळीच्या तोंडाशी कोळी बसला होता. पुढचे पाय चादरीवर टेकवलेले, शरीर आत. मी गवताच्या पात्याने चादर हळूच हलवली. कोळी विजेसारखा बाहेर आला, पात्याला शिवला, भक्ष्य नाही हे त्याला कळले आणि तितक्याच वेगाने तो आत गेला. बोटाने हात लावून पाहिला तर हे जाळे चिकट नव्हते. वडाच्या पारंब्यांत दिसते तसल्या चाकासारख्या जाळ्याला कीटक चिकटून राहतो. इथे तसे होत नाही. इथे कीटक धाग्यांत अडखळतो, चादर थरथरते आणि कोळी धावत येऊन त्याला धरतो. म्हणजे हे जाळे हत्यार कमी आणि इशारा देणारी तार जास्त. शत्रूचा पाय तारेला लागला की पहारेकऱ्याला कळते, तसेच.

जाळे एक सांगते, डोळे दुसरे

आता ओळख पटवायची. नरसाळ्यासारखे जाळे विणणाऱ्या कोळ्यांचे एक वेगळे कुल आहे, अजेलेनिडी. इंग्रजीत त्यांना फनेल वीव्हर म्हणतात. जाळे पाहून कोणीही म्हणेल की हा फनेल वीव्हर. चुलतभावाने वहीत तसे लिहायला पेनही काढले. पण जाळे म्हणजे कोळ्याचे घर. घर पाहून माणसाची जात ठरवता येत नाही, तशी कोळ्याचीही ठरत नाही. शरीर पाहावे लागते आणि शरीरात सर्वांत आधी डोळे.

बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, पण ते कसे मांडलेले आहेत हे कुलागणिक बदलते. मी मोबाइलला चिमट्याने लावायचे छोटे भिंग नेले होते. कोळी नळीच्या तोंडाशी परत येईपर्यंत थांबलो आणि समोरून फोटो काढले. घाई केली असती तर एकही फोटो मिळाला नसता. पहिला स्पष्ट फोटो मिळायला वीस मिनिटे लागली.

फोटोत डोळ्यांच्या तीन ओळी स्पष्ट दिसल्या. सर्वांत खाली चार बारीक डोळे एका रांगेत. त्यांच्या वर समोर पाहणारे दोन मोठे डोळे. त्यांच्याही मागे, डोक्याच्या वरच्या बाजूला दोन मध्यम डोळे. चार-दोन-दोन. ही मांडणी लांडगा कोळ्याची. फनेल वीव्हरचे आठ डोळे दोन ओळींत असतात आणि आकाराने साधारण सारखे असतात. म्हणजे जाळे फनेल वीव्हरचे आणि चेहरा लांडग्याचा.

अशा वेळी दुसरी साक्ष हवी. पुढच्या जाळ्यांत पाहत गेलो. तीन जाळ्यांत नळीच्या तोंडाशी मादी होती आणि तिच्या मागच्या टोकाला गोल पिशवी चिकटलेली होती. वर दिलेल्या यादीतली पहिली खूण. फनेल वीव्हरची मादी पिशवी अशी अंगावर वागवत नाही. डोळे आणि पिशवी, दोन्ही साक्षी एकच सांगत होत्या. कुल ठरले : लायकोसिडी.

रात्री ही ओळख आणखी सोपी होते. टॉर्च कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरून जमिनीवर टाकला की लांडगा कोळ्याचे डोळे हिरवट-चंदेरी ठिणगीसारखे चमकतात. मांजराच्या डोळ्यांत असतो तसा प्रकाश परत फेकणारा थर त्यांच्या डोळ्यांत असतो. टॉर्च कमरेजवळ धरला तर चमक दिसत नाही, कारण परत येणारा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे येत नाही. नाइट मार्चच्या वेळी हे करून पाहण्यासारखे आहे.

वंश कसा ठरला?

लांडगा कोळी बहुतेक करून जाळे विणत नाहीत. काही धावून शिकार करतात, काही बिळात राहतात. मोठे झाल्यावरही चादर आणि नळीचे जाळे विणणारे लांडगा कोळी थोडे आहेत, आणि भारतात असा जो वंश सर्वत्र आढळतो त्याचे नाव हिपासा. फ्रेंच शास्त्रज्ञ यूजेन सिमाँ यांनी १८८५ मध्ये हा वंश स्थापन केला.

हिपासाची आणखी एक खूण आहे, आणि इथे स्पिनरेट हा शब्द लागतो. इतर लांडगा कोळ्यांचे स्पिनरेट आखूड असतात, वरून जवळजवळ दिसत नाहीत. हिपासाच्या स्पिनरेटची मागची जोडी लांब असते आणि दोन बोटांसारखी उदराच्या मागे बाहेर आलेली दिसते. रोज चादर विणायची, दुरुस्त करायची, तर अवजारही लांब हवेच. माझ्या दोन फोटोंत कोळी वळताना वरून दिसला आहे आणि त्यांत ही दोन टोके स्पष्ट आहेत. वंश ठरला : हिपासा.

या वंशातल्या जातींची नावे वाचताना मला मोठी मौज वाटली. सिमाँ यांनी १८८४ मध्ये ब्रह्मदेशातून आलेल्या कोळ्याला अजेलेनॉइडीस हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘अजेलेनासारखा’, म्हणजे फनेल वीव्हरसारखा. इंग्रज शास्त्रज्ञ आर. आय. पोकॉक यांनी १९०० मध्ये भारतातल्या दोन जातींना लायकोसिना आणि पिसॉरिना अशी नावे दिली. एक ‘लायकोसासारखा’, दुसरा ‘पिसॉरासारखा’. पिसॉरा म्हणजे नर्सरी वेब स्पायडरमधला एक वंश. ज्यांनी नावे दिली त्यांच्याही डोळ्यांसमोर शेजारी ठेवलेले दुसरे कोळी होतेच, हे या नावांत कायमचे लिहिले गेले आहे.

मी पाहिलेल्या कोळ्याचे वर्णन

ठिकाण : चंद्रप्रभा अभयारण्य, जिल्हा चंदौली, रस्त्याच्या कडेचे गवत आणि दगड.
वेळ : सकाळी, दव असताना.
लिंग : मादी (अंड्यांची पिशवी होती).
लांबी : शरीर सुमारे १२ मिलिमीटर, पाय सोडून. पट्टी जाळ्याशेजारी धरून फोटोवरून मोजली.
शिरोवक्ष : तपकिरी. मधोमध बारीक गडद रेघ, तिच्यापासून कडेकडे जाणाऱ्या गडद रेषा.
डोळे : चार-दोन-दोन, तीन ओळींत.
उदर : लांबट अंडाकृती, करडे-तपकिरी. वर पुढच्या भागात भाल्याच्या पात्यासारखा फिकट पट्टा, त्याच्या मागे फिकट ठिपक्यांच्या जोड्या.
पाय : लांब, काटेरी केसांचे, गडद आडवे पट्टे. चौथी जोडी सर्वांत लांब.
स्पिनरेट : मागची जोडी लांब, वरून दिसणारी.
जाळे : आडवी चादर, एका कडेला नळी, चिकट नाही.
वागणूक : दिवसा नळीच्या तोंडाशी. चादर हलताच बाहेर धाव, धोका वाटताच आत.
पिल्ले : एका जाळ्यात मादीच्या पाठीवर पिल्लांचा थर दिसला. लांडगा कोळ्याची आई पिशवीची शिवण स्वतः उसवते, मग पिल्ले तिच्या पायांवरून चढून पाठीवर बसतात आणि काही दिवस तिथेच राहतात. तेवढे दिवस ती शिकार करत नाहीत, अंड्यातून बरोबर आलेल्या अन्नावर जगतात.
ओळख : कुल लायकोसिडी, वंश हिपासा.

जातीपर्यंत का गेलो नाही?

वर्णनात जातीचे नाव नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. पुस्तकातले चित्र आणि माझा फोटो शेजारी ठेवून ‘अजेलेनॉइडीस’ लिहून टाकणे सोपे होते. ते मी लिहिले नाही, त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण शास्त्राचे. हिपासाच्या अनेक जाती रंगाने आणि नक्षीने इतक्या सारख्या असतात की वरून पाहून त्या वेगळ्या सांगता येत नाहीत. एकाच जातीचे कोळीही फिकट-गडद असतात. जात ठरते ती जननेंद्रियांच्या रचनेवरून. मादीच्या उदराखाली एक कडक छोटी पट्टी असते आणि नराच्या पेडिपाल्पच्या टोकाला बोंडासारखा भाग असतो. प्रत्येक जातीत या दोघांचा घाट वेगळा, कुलूप-किल्लीसारखा. तो पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो आणि कोळी पूर्ण वाढलेला असावा लागतो, कारण हे अवयव शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण दिसतात. भारतातल्या लांडगा कोळ्यांवरचा मोठा ग्रंथ डॉ. बी. के. टिकादर आणि एम. एस. मल्होत्रा यांनी १९८० मध्ये लिहिला. टिकादर यांनी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्याच्या केंद्रात अनेक वर्षे काम केले. लायकोसा पूनाएन्सिस आणि लायकोसा महाबळेश्वरेन्सिस ही नावे याच दोघांनी दिली. पुणे आणि महाबळेश्वर कोळ्यांच्या शास्त्रात गेले ते असे. अशा ग्रंथात प्रत्येक जातीबरोबर या अवयवांची रेखाचित्रे असतात, कारण त्यांच्यावाचून जातीची ओळख पक्की मानली जात नाही.

दुसरे कारण कायद्याचे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तर कोळी पकडून अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो. अभयारण्यातून कोणताही प्राणी परवानगीशिवाय उचलता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाघाला आहे तसा तिथल्या जमिनीवरच्या लहान जीवांनाही लागू होतो. आमच्याबरोबर असलेल्या वनरक्षकांनीही तेच सांगितले : बघा, फोटो काढा, नेऊ नका. अभ्यासकांना संशोधनासाठी रीतसर परवानगी मिळते. सुट्टीत आलेल्या दहावीतल्या मुलाने कोळी डबीत घालून आणणे हा अभ्यास नव्हे.

घरी आल्यावर मी आजोबांना सांगितले की नाव अर्धेच मिळाले. ते म्हणाले, “अरे, नावं ठेवायची घाई वाईट, तशी नाव द्यायचीही. जेवढं दिसलं तेवढं लिही.” मला वाटते हे टेहळणीलाही लागू आहे. चौकीवरच्या जवानाने ‘तीन माणसे दिसली, हातात काहीतरी लांब होते’ असा निरोप दिला तर वरच्या अधिकाऱ्याला विचार करता येतो. त्याने अंदाजाने ‘तीन बंदूकधारी’ असे कळवले आणि ते लाकूडतोडे निघाले, तर गोळी कोणाला लागेल? कोळ्याच्या नोंदीत जीव जात नाही, पण सवय तीच लागते.

घाबरण्यासारखे आहे का?

लांडगा कोळ्याला विषारी नांग्या असतात, कारण त्याला कीटक मारायचे असतात. पण हे कोळी माणसासाठी धोकादायक मानले जात नाहीत. हातात दाबला गेला तर चावू शकतो, तेव्हा दुखते, थोडी सूज येते. माणूस दिसला की तो पळतो. हिपासा तर नळीबाहेर फारसा पडतच नाही. तरीही कोणताही कोळी उघड्या हाताने उचलू नये, आणि चावल्यावर सूज वाढली किंवा बरे वाटेनासे झाले तर डॉक्टरकडे जावे.

‘टॅरांटुला’ या शब्दाची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. हा शब्द इटलीतल्या टारांटो शहरावरून आला, आणि तिथे ज्या कोळ्याला ते नाव होते तो लांडगा कोळीच होता. त्याचा दंश झाला तर बेभान नाचल्याशिवाय बरे वाटत नाही अशी तिथे समजूत होती. टारांटेला हे नृत्य त्यावरून ओळखले जाते. पुढे हे नाव मोठ्या, केसाळ, अगदी वेगळ्या कुलातल्या कोळ्यांना चिकटले. मूळ कोळ्याचे शास्त्रीय नाव आजही लायकोसा टॅरांटुला असेच आहे. एका नावाने भीती कशी पसरते आणि ती चुकीच्या पत्त्यावर कशी जाते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आणि या कोळ्यांचा उपयोग? चंदौली जिल्ह्याला लोक ‘धान का कटोरा’ म्हणतात, इतका तिथे भात पिकतो. भाताच्या शेतात तुडतुडे खाणाऱ्या प्राण्यांत लांडगा कोळी पुढच्या रांगेत असतात. कीटकनाशक जास्त फवारले तर तुडतुड्यांबरोबर कोळीही मरतात. तुडतुडे भराभर वाढून परत येतात, कोळी तेवढ्या लवकर येत नाहीत. शेतकऱ्याचा फुकट राखणदार गेला तो गेला.

नोंद कशासाठी?

चंद्रप्रभा अभयारण्याची आणखी एक गोष्ट आहे. १९५७ मध्ये गीरच्या जंगलातून एक सिंह आणि दोन सिंहिणी तिथे आणून सोडल्या होत्या. त्यांची संख्या वाढून अकरापर्यंत गेली आणि पुढच्या काही वर्षांत ते सगळे नाहीसे झाले. सिंह गेले हे सर्वांना कळले, कारण ते मोजलेले होते. गवतातला १२ मिलिमीटरचा कोळी नाहीसा झाला तर कोणाला कळेल? तो तिथे होता असे कोणी लिहून ठेवले असेल, तरच. रस्ता रुंद केला, गवत जाळले, दगड उचलले, तर ती सतरा जाळी राहणार नाहीत. म्हणून माझ्या वहीत सतरा हा आकडा आहे, पुढच्या दिवाळीत पुन्हा त्याच वीस पावलांत मोजायचे आहे.

तुम्हाला करायचे असेल तर

हिवाळ्यात पीटीला जाताना मैदानाच्या कडेचे गवत पाहा. दव असेल तर चादरीसारखी जाळी दिसतील. लागणारे सामान थोडे आहे : वही, पेन्सिल, पट्टी, भिंग, टॉर्च. मोबाइल आपल्याला सुट्टीतच मिळतो, म्हणून चित्र काढायची सवय ठेवा. चित्र काढताना डोळे जास्त पाहतात. प्रत्येक नोंदीत या गोष्टी या क्रमाने लिहा :

१. तारीख, वेळ, जागा (कशाच्या किती पावले उत्तरेला, असे).
२. जाळे आहे का, असल्यास कसे.
३. डोळ्यांची मांडणी.
४. स्पिनरेट वरून दिसतात का.
५. अंड्यांची पिशवी कुठे आहे.
६. रंग आणि नक्षी. हे मुद्दाम शेवटी, कारण रंगच सर्वांत जास्त फसवतो.
७. ओळख : कुल, वंश, जाती.

सातव्या ओळीत जेवढे ठरले तेवढेच लिहा. कुल ठरले तर कुल लिहून थांबा. काहीच ठरले नाही तर जागा रिकामी ठेवा आणि वही जपून ठेवा. वरच्या सहा ओळी नीट लिहिलेल्या असतील तर सातवी कोणीतरी नंतर भरू शकेल.